आई गेलेली

माणसाचे कपडे बघून तिला माणूस कळायचा. ही फुशारकी नव्हती, ते तिचं पोटापाण्याचं काम होतं. बसथांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे एकदा नजर टाकून ती बरोबरच्याला हळूच सांगायची, ह्याच्या शर्टाचं दुसरं बटन वेगळ्या दोऱ्याने शिवलंय आणि गाठ बाहेरच्या अंगाला आली आहे. म्हणजे बटन ह्यानेच लावलंय, आणि ते लावायची त्याला सवय नाही. अलीकडेच एकटा पडलेला दिसतोय. ऐकणारा तोंडात बोट घालायचा. सिनेमाच्या पडद्यावर तिच्या नावाआधी वेशभूषाकार असा भारदस्त शब्द यायचा, पण एवढा मोठा शब्द हाक मारायला कोण वापरतो? तोंडावर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठीमागे कपडेवाली.

शाळकरी पोरापोरींचे सिनेमे ही तिची खासियत. त्यांची गोष्ट ठरलेली असते. जिला कोणी विचारत नाही अशी एक मुलगी मध्यंतरापर्यंत ढगळ कपड्यांत भिंतीला चिकटून चालते. मध्यंतरानंतर ती चष्मा काढते, केस मोकळे सोडते, आणि इतकी वर्षं त्याच वर्गात बसलेल्या मठ्ठ मुलाला एकदम डोळे फुटतात. कपडेवाली म्हणायची, मध्यंतरानंतरचं काम कोणीही करेल, देखण्या मुलीला देखणे कपडे चढवायला अक्कल लागत नाही. खरी कसोटी आधीच्या कपड्यांची. ते बघून प्रेक्षकाला मुलीच्या घरात काय चाललंय ते कळलं पाहिजे, आणि तेही मुलीने तोंड उघडायच्या आत.

ह्या वेळी मात्र तिथेच घोडं अडलं. कथेच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं : मुलगी, वय पंधरा. आई गेलेली. बाप असून नसल्यासारखा. त्यावरून तिने तीनदा कपडे आणले, तीनदा नायिकेला घालून दाखवले. दिग्दर्शक वयाने तिच्याहून बराच लहान, चष्म्याची दांडी चावत बसणारा आणि मोजकं बोलणारा. तिन्ही वेळा त्याने नाही म्हणून मान हलवली.

"कपडे चांगले आहेत, ताई," तिसऱ्या वेळी तो म्हणाला. "पण आई गेलेली दिसत नाही."

हे तिला फार लागलं. वीस वर्षांत तिला असं कोणी म्हणालं नव्हतं.

आता तिच्या घराबद्दल सांगायला हवं. घरात ती आणि तिची लेक, दोघीच. नवरा दुसरा संसार थाटून केव्हाच मोकळा झाला होता. चित्रीकरण असलं की ती उजाडायच्या आत बाहेर पडायची. लेक गजर लावून उठायची, हाताला येईल ते खायची, दाराला कुलूप घालून शाळेत जायची. पंधरा वर्षांची ही पोर फार गुणी आहे असं ती सगळ्यांना सांगायची. गुणी म्हणजे तिच्याकडे बघावं लागत नव्हतं.

चौथी खेप ठरलेली होती त्याच्या आदल्या दिवशी कसलंसं काम रद्द झालं आणि कधी नव्हे ती सकाळी सव्वासातला घरी होती. टेबलापाशी कागद पसरून, डोक्याला हात लावून बसली होती. लेक शाळेत जायला आतून आली, दप्तर उचललं, दारात वाकून बुटांची नाडी बांधायला लागली. कपडेवालीने सहज वर बघितलं आणि बघतच राहिली.

अंगात विटलेला तपकिरी स्वेटर. बटनं एका काजाने चुकलेली, त्यामुळे एक टोक खाली लोंबतंय. बाह्या मुठीपर्यंत ओढलेल्या, एका बाहीला शिवणीजवळ भोक आणि त्यातून अंगठा बाहेर. पँटची दुमड उसवून ती लांब केलेली, जुन्या दुमडीची रेघ स्पष्ट दिसतेय, आणि नवी शिवण पांढऱ्या दोऱ्याची, वाकडीतिकडी. काही सांगायची गरजच नव्हती.

दुसरी एखादी आई म्हणाली असती, इकडे ये, बटनं चुकलीत. हिच्या मनात आलं, सापडली. तिने फोन उचलून फोटो काढला. त्या आवाजाने लेकीने मान वर केली. आई आपला फोटो काढतेय हे बघून ती आधी गोंधळली, मग पटकन उभी राहिली, केस कानामागे सारले आणि हसली. छान हसली.

"हसू नकोस," आई म्हणाली. "मघाशी होतीस तशीच राहा."

लेक तशीच राहिली. आईने समोरून, बाजूने, पाठीमागून फोटो काढले. हसरा फोटो तिने तिथल्या तिथे पुसून टाकला, तो कामाचा नव्हता.

मग तिने लेकीकडे ते कपडे मागितले. नायिका घालणार आहे म्हटल्यावर पोरीचे डोळे चमकले. कुठल्या प्रसंगात, असं तिने विचारलं. आई म्हणाली, पहिल्याच, फार महत्त्वाचा आहे. ह्यात खोटं काही नव्हतं. खरं सांगायचं तेवढं राहिलं होतं. लेकीने संध्याकाळी स्वेटर हाताने धुतला, वाळवला, सगळी बटनं नीट लावून घडी घातली आणि पँटबरोबर आईच्या पिशवीवर ठेवला. वर्गात सगळ्यांना सांगून झालं होतं, माझा स्वेटर सिनेमात येणार, आईला आवडला म्हणून. आईला आपलं काहीतरी आवडलं, एवढ्यावरच ती पोर आठवडाभर उड्या मारत होती, आणि तेवढं एकच तिच्याकडून काढून घेण्यासारखं होतं.

कामाच्या जागी पोचल्यावर कपडेवालीने ती बटनं सोडली आणि पुन्हा एका काजाने चुकवून लावली.

दिग्दर्शकाने स्वेटर बघितला, फोटो बघितले आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. "गेली," एवढंच म्हणाला. तिचा जीव भांड्यात पडला.

एकच कपडा असून भागत नाही. पावसात भिजायचा वेगळा, चिखलात पडायचा वेगळा, असे त्याचे जोड लागतात. ते करायला पँटसकट स्वेटर मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणजे कपडेपटाचे म्हातारे शिंपी. नवा कपडा चहाच्या पाण्यात बुडवून आणि कोपरांवर पॉलिश पेपर घासून ते असा जुना करत की ज्याचा त्याने ओळखू नये. त्यांनी स्वेटर उलटा केला, खिडकीशी नेला, बराच वेळ बोटांनी चाचपत राहिले.

"ताई, हा मुलीच्या मापाचा नाहीच," ते म्हणाले. "खांदे बघा. मोठ्या बाईचा आहे. आणि पँटची ही शिवण पोरीने स्वतः घातलीय, मिळेल त्या दोऱ्याने. आईचा स्वेटर घालत असणार बिचारी. गेली का तिची आई?"

"गेलेली आहे," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांपुढे कथेचं पान होतं, त्यामुळे हे बोलताना तिची जीभ अडखळली नाही. मास्तर चुकचुकले आणि कामाला लागले. आपल्या लेकीकडे मोठ्या बाईचा स्वेटर कुठून आला, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. जगाच्या बटनांची खबर ठेवणाऱ्या बाईला तो पडला नाही. उलट मास्तरांनी किती सुरेख सुचवलं, असं वाटून तिने वहीत लिहून ठेवलं : गेलेल्या आईचा स्वेटर. आणि पुढे सगळ्यांना ते स्वतःचंच म्हणून सांगितलं.

चित्रीकरण झकास झालं. प्रत्येक शॉटच्या आधी ती नायिकेला कॉलरपासून बुटांपर्यंत न्याहाळायची, बाही ओढायची, बटन चुकवायची. नायिका हात अंगापासून जरा दूर धरून, भलतीकडेच बघत उभी राहायची. बाईचं बघून संपलंसं वाटलं की विचारायची, "झालं? जाऊ?" कपडेवाली मान हलवायची. मध्यंतराच्या प्रसंगात नायिकेच्या मैत्रिणी तो स्वेटर अंगातून ओढून काढतात आणि कचऱ्याच्या डब्यात टाकतात. ते मनासारखं येईना. जोड एकेक करून डब्यातल्या घाणीत गेले. शेवटी लेकीचा खरा स्वेटर टाकला, आणि तो शॉट पसंत पडला. डबा पुढे कोणी रिकामा केला, ते बघायला कोणी थांबलं नाही.

पहिला खेळ दुपारचा होता. लेक दोन मैत्रिणींना घेऊन आली होती, तिघी पाचव्या रांगेत. पहिली रांग सिनेमाच्या लोकांची. दिवे गेले, शाळेची लांब ओसरी दिसली, आणि लोंबता स्वेटर घातलेली नायिका भिंतीला चिकटून चालत आली. सगळं थिएटर हसलं. वाईट मनाने नव्हे, पण खळखळून हसलं. पहिल्या रांगेत कपडेवालीने सुटकेचा श्वास टाकला. हशा आला म्हणजे काम जमलं होतं. पाचव्या रांगेत एक मैत्रीण हसता हसता थांबली, तिने शेजारी बघितलं आणि चटकन मान पडद्याकडे वळवली. स्वेटर डब्यात पडला तेव्हा टाळ्या पडल्या.

सिनेमा संपल्यावर प्रश्नोत्तरं झाली. मागून कोणी तरी विचारलं, ते सुरुवातीचे कपडे इतके खरे कसे वाटतात? दिग्दर्शकाने माइक तिच्या हातात दिला. ती छान बोलायची, आणि त्या दिवशी तर फारच छान बोलली.

"बटनं एका काजाने चुकलीत, ती आळशीपणाने नाही," ती म्हणाली. "बटनं चुकलीत कारण सकाळी घरातून निघताना तिच्याकडे बघणारं कोणी नाही. पँट तिने स्वतःच लांब केलीय, म्हणजे ती वाढली हे घरात कोणाच्या लक्षात आलेलं नाही. आणि स्वेटर तिचा नाहीच. खांदे उतरलेत बघा. गेलेल्या आईचा आहे तो. ती अंगावर आई घालून फिरते."

टाळ्या थांबेनात. दिग्दर्शकानेही टाळ्या वाजवल्या. ह्या गडबडीत पाचव्या रांगेतून एक मुलगी लोकांचे गुडघे चुकवत बाहेर पडली, ते तिने पाहिलं. लेक गर्दीच्या आधी निघाली, शहाणी आहे, असं तिला वाटलं.

संध्याकाळी ती घरी आली ती हवेतच. लेक टेबलावर जाड चादर घालून शाळेचे कपडे इस्त्री करत होती. आवडला का सिनेमा, आईने विचारलं. लेकीने इस्त्री उभी केली.

"सिनेमातली आई कशाने गेली?"

"ते दाखवलेलं नाही. आजारी वगैरे असेल. का गं?"

"काही नाही. मला वाटलं, कामाला गेली असेल."

हे तिने चिडून म्हटलं नाही. चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं, आईला उलट चिडता आलं असतं. कपडेवालीने तोंड उघडलं, अगं ते त्या मुलीबद्दल होतं, एवढं म्हणेपर्यंत तिला स्वतःचं भाषण पहिल्यापासून ऐकू यायला लागलं. बटनं. पँट. बघणारं कोणी नाही.

"माझा स्वेटर कुठाय?" लेकीने विचारलं.

आई खांद्यावरची पिशवी काढून ठेवायला लागली. लेकीला कळलं. पडद्यावर डबा तिनेही बघितला होता.

"तू म्हणालीस ना, आईचा आहे," लेक म्हणाली. "तुझाच होता तो. तुझ्या कपाटाच्या तळातून काढला होता. दोन वर्षं घालत होते. तू सगळ्यांचं ओळखतेस, म्हटलं कधीतरी ओळखशील. फोटो काढलास ना, तेव्हा वाटलं ओळखलास."

मग इस्त्रीचं बटन बंद करून, कपडे घेऊन ती आत गेली. आईने फोन काढून त्या सकाळचे फोटो शोधले. समोरून, बाजूने, पाठीमागून, सगळे होते. हसरा तेवढा नव्हता.

त्यानंतर तिने उजाडायच्या आतली कामं घेणं बंद केलं. रोज सव्वासातला ती दारापाशी उभी राहायला लागली. लेक रोज वेळेवर बाहेर यायची. कडक इस्त्रीचा शर्ट, प्रत्येक बटन आपापल्या काजात, पँटची दुमड मशीनवर सरळ मारलेली, बाह्या मनगटापाशी. आई कॉलरपासून बुटांपर्यंत शोध शोध शोधायची. एखादा सुटलेला दोरा, एखादी सुरकुती, ज्याच्यावरून ह्या पोरीच्या मनात काय आहे ते कळेल. काही सापडायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला एका माणसाचे कपडे वाचता येत नव्हते.

लेक हात अंगापासून जरा दूर धरून, भलतीकडेच बघत, आईचं बघून होईपर्यंत शांत उभी राहायची.

"झालं?" ती विचारायची. "जाऊ?"

आई मान हलवायची, आणि ती जायची.