जाड कागद

“सही करा मावशी, इथे खाली,” असं म्हणत नियमावलीने माझ्या टेबलावर एक कापडी पिशवी उपडी केली. पुस्तक कसलं, पुस्तकाचा नुसता पालापाचोळा! सुटे कागद, तुटका दोरा आणि एक रिकामा पुठ्ठा.

नियमावली म्हणजे आमच्या वाचनालयात काउंटरवर बसणारा कारकून. त्याला खरं नावही आहे, पण ते आता तोसुद्धा विसरला असेल. त्याच्या मागे चौदा-पंधरा वर्षांची एक पोरगी उभी होती. जाड चष्मा, खालचा ओठ दातांत धरलेला.

“जिन्यावरून पडलं,” ती म्हणाली. “म्हणजे मीच पडले, पुस्तक हातात होतं. आणि शेवटची तीसेक पानंच राहिली होती हो!”

“तुला लागलं का?”

तिने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. हे तिला अजून कुणी विचारलंच नसावं.

नियमावलीचा कागद छापील होता. पुस्तक दुरुस्तीपलीकडे गेले आहे, रद्दीत काढावे, वाचकाचे कार्ड रद्द करावे. खाली सही बांधणी विभागाची. बांधणी विभाग म्हणजे तळमजल्यावरची ही खोली, आणि खोलीत मी एकटी.

“दोरा तुटलाय फक्त,” मी म्हटलं. “अर्ध्या दिवसाचं काम. सही कसली मागतोस?”

“पानांवरचे आकडे बघा ना. आहेत का कुठे? कुणा शहाण्याने खालची कड कापताना आकडेही उडवलेत. आता यांचा क्रम लावणार कोण?”

मी एक कागद उचलला आणि ती कापलेली कड ओळखली. तो शहाणा म्हणजे मीच. एकतीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात, मला हे काम शिकवणारे उस्ताद चहाला गेलेले पाहून मी ऐटीत कटिंग मशीनला हात घातला होता. पट्टी अर्धं बोट इकडे सरकली आणि दोनशे आठ पानांचे आकडे कात्रणांच्या टोपलीत गेले. उस्तादांनी येऊन पाहिलं, कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मुकाट्याने बांधून टाकलं. मला एक शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

“कार्ड गेलं तर मी काय वाचू?” पोरगी नियमावलीला विनवत होती. “आमच्या घरी वाचायला औषधांची खोकीच आहेत फक्त.”

“नियम सगळ्यांना सारखा. शुक्रवारी पुस्तकांची मोजणी आहे. त्याआधी हे कपाटात जाग्यावर नसेल, तर सही लागणारच.”

“ठेव तो कागद इथे,” मी म्हटलं. “शुक्रवारी बघू.”

आता खरं सांगते. एकतीस वर्षांत मी हजारो पुस्तकं बांधली असतील, पण वाचलं एकही नाही. चौथीतून शाळा सुटली. ओठ हलवल्याशिवाय मला वाचताच येत नाही, आणि लोकांसमोर ओठ हलवायची लाज वाटते. पण हे निस्तरायला वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुस्तकात कागद दुमडून एकात एक घातलेले असतात. प्रत्येक घडीवर चार पानं, त्यातली दोन आधीची, दोन बरीच पुढची. अशा बावन्न घड्या, आणि कुणीतरी पत्ते पिसावेत तशा पिसलेल्या.

पोरगी शाळा सुटली की यायची. मीच तिला सांगितलं होतं, “चूक माझी आहे, मीच निस्तरणार. तू कागदांना हात लावायचा नाहीस. फक्त गोष्ट सांगायची.”

तिने सुरुवात केली. एक पंधरा वर्षांची मुलगी. तिला एका वकिलाचं पत्र येतं, की अमुक एक म्हातारा वारला आणि त्याचं छत्र्या दुरुस्तीचं दुकान तुझ्या नावावर करून गेला. मुलीने त्या म्हाताऱ्याचं नावही कधी ऐकलेलं नाही. दुकानात सात कपाटं, सातही कुलूपबंद, आणि अट अशी की सगळी उघडल्याशिवाय दुकान विकायचं नाही.

“फुकटात दुकान मिळालंय आणि रडतेय कसली ही बया?” मी विचारलं.

“रडत नाहीये ती! तिला फक्त जाणून घ्यायचंय, की आपल्यालाच का?”

ती सांगत जायची आणि मी ओठ हलवत घड्या शोधत जायची. एकदा चौथ्या कपाटाची किल्ली सापडायच्या आधीच मी लावलेल्या क्रमात कपाट उघडलं. “मावशी, अहो, घरफोडी केलीत तुम्ही!” म्हणून ती इतकी हसली की चष्मा खाली पडला. मीही हसले. या खोलीत असं खदखदून हसून किती वर्षं झाली, देव जाणे.

बुधवारी संध्याकाळी चव्वेचाळीस घड्या लागल्या. आठ उरल्या.

“मी इथवरच वाचलं होतं,” ती उठून उभी राहिली. “पुढचं उलटसुलट वाचून मला शेवट नाही कळून घ्यायचा. आणि तुम्हाला कळला तर सांगायचा नाही. शप्पथ घ्या.”

घेतली शप्पथ. गुरुवारी दार लावलं आणि त्या आठ घड्या घेऊन एकटीच बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा चष्मा पुसला, पुन्हा बसले. तीनदा चुकलं, तीनदा सगळं मोडून मांडलं. नियमावली दारावर टकटक करून “झालं का?” विचारून गेला. “मरत नाहीये मी, जा,” म्हणून त्याला पिटाळलं. दुपारी दोनला शेवटचं वाक्य शेवटच्या पानावर आलं. म्हाताऱ्याने दुकान तिलाच का दिलं, ते मला कळलं. मी सांगणार नाही, शप्पथ घेतली आहे. पण ते शेवटचं पान मी पुन्हा एकदा वाचलं.

मग शिवलं. जुनाच पुठ्ठा पुन्हा वापरायचा होता, म्हणून त्याच्या पाठीच्या आतला मजबुतीचा कागद ओल्या फडक्याने भिजवून सोडवायला घेतला. असल्या कामाला आम्ही हाताशी येईल तो टाकाऊ कागद वापरतो. हा टाइप केलेला होता. खळ निघाली तशी अक्षरं दिसायला लागली. आठवडाभर वाचायची सवय झाली होती, नाहीतर फेकूनच दिला असता.

तो उस्तादांच्या नावाने होता. ‘आपल्या विभागातील नवीन मुलीने निष्काळजीपणे पुस्तक खराब केले आहे. तिला उद्यापासून कामावर घेऊ नये.’ खाली तेव्हाच्या साहेबांची सही, आणि माझ्या त्या फजितीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख.

मला तो दिवस लख्ख आठवला. साहेब स्वतः खाली आले होते. दारातूनच म्हणाले, “कागद मिळाला ना?” उस्ताद खळ ढवळत होते. मानही वर न करता म्हणाले, “मिळाला. चांगला जाड आहे.” साहेब दारातूनच माघारी गेले. उस्तादांसारखा हात दुसरा मिळणार नव्हता, हे त्या दोघांनाही माहीत होतं. मी तिथेच सुया पुसत होते. मला वाटलं, कोऱ्या कागदाच्या गठ्ठ्याबद्दल चाललंय.

मी रडले. खोटं कशाला बोलू? उस्ताद गेले त्याला बारा वर्षं झाली, आणि मी त्यांना साधं धन्यवादसुद्धा म्हटलेलं नाही. हे पोट, ही खोली, पाठच्या बहिणीचं लग्न, सगळं त्या एका कागदावर होतं. आणि तो कागद त्यांनी माझ्याच चुकीच्या पाठीला चिकटवून टाकला होता.

डोळे पुसून मी खळ ढवळली. उस्तादांचा कागद होता तिथेच परत लावला. मग टेबलावरचा दुसरा कागद उचलला, छापील, सहीची जागा रिकामी असलेला. मापाने कापला, खळ लावली आणि पहिल्यावर दाबून बसवला. पुस्तक प्रेसमध्ये घालून दांडा आवळला.

शुक्रवारी सकाळी शिसपेन्सिल घेऊन पानापानावर आकडे टाकले, एक ते दोनशे आठ. आकडे मला छान काढता येतात.

नियमावलीने पुस्तक चारदा उलटसुलट केलं. “क्रम बरोबर आहे हे कशावरून?”

“मी वाचलंय,” मी म्हटलं.

त्याने पुस्तक खाली ठेवलं. “बरं, आणि माझा तो कागद कुठाय? फाइलला लावायचाय.”

“मिळाला होता. चांगला जाड होता.”

त्याने फाइल बाजूला सारली. मग त्याने मोजणीच्या यादीत खूण केली, पुस्तकावर शिक्का मारला आणि शाळा सुटून आलेल्या पोरीच्या हातात दिलं. तिने तिथेच उभ्याउभ्या एकशे सत्त्याहत्तरावं पान काढलं, मग मिटून पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं.

“मावशी, पाठ जरा जाड झालीय, नाही?”

“असू दे,” मी म्हटलं. “आता सुटायचं नाही.”