शेवट लिहून परत पाठवा

टॅम्सिन रजच्या नावाने अर्ध्या जगातले हौशी संगीतकार बोटं मोडायचे, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. दिवसा ती बर्नी गावातल्या दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. उरलेल्या वेळात ती 'सेकंड लूप' नावाच्या ऑनलाइन फोरमवर परीक्षक होती. जुन्या व्हिडिओ गेममधल्या चाली घेऊन त्यांचे रिमिक्स करणारी ही मंडळी. कुणी पोलंडमध्ये, कुणी ब्राझीलमध्ये, आणि टॅम्सिन टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कानाला हेडफोन लावून. चौदा वर्षं झाली होती.

तिथली पद्धत कडक. पाठवणाऱ्याचं नाव निकालापर्यंत परीक्षकांनाही दिसत नाही. परीक्षकाने स्टॉपवॉच घेऊन बसायचं, मूळ चाल नेमकी किती सेकंद ऐकू येते ते मोजायचं, आणि निम्म्याहून कमी भरली तर सरळ नारळ द्यायचा. पण टॅम्सिनचा खरा दात होता तो शेवटावर. गेममधली चाल कधी संपत नाही. खेळणारा मरेपर्यंत किंवा आई जेवायला ओरडेपर्यंत ती आपली गोल फिरत राहते. तेव्हा तिला शेवट देणं, हेच रिमिक्स करणाऱ्याचं खरं काम, असं तिचं मत, आणि तिच्या मतापुढे कुणाचं चालत नसे. शेवट सुचत नाही म्हणून आवाज हळूहळू बारीक करत सटकणाऱ्यांना ती एकच ओळ पाठवायची: 'शेवट नाही. शेवट लिहून परत पाठवा.' ही ओळ इतक्या वेळा लिहावी लागली की शेवटी तिने तिचं एक बटणच करून घेतलं.

जूनची स्पर्धा लागली ती 'मेल बोट' या गेमवर, आणि मेल बोटची चाल तिच्या वडिलांची होती.

ऑब्री रज यांनी ती सत्त्याऐंशी साली घरामागच्या शेडमध्ये बसून बांधली. एका वेळी तीनच आवाज काढू शकणारा तो जुना कॉम्प्युटर. गेममध्ये होडी वल्हवत बेटांवर पत्रं पोचवायची. पिशवी रिकामी झाली की धक्क्यावर दुसरी भरलेली तयार. शेवटची पातळी बांधायची होती, पण त्याआधीच गेम काढणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला, म्हणून गेमला शेवट नाही आणि चालीलाही नाही. नऊ वर्षांच्या टॅम्सिनने तेव्हा विचारलं होतं, "डॅड, हे संपत का नाही?" त्यावर तो हसून म्हणाला होता, "संपवायचं राहूनच गेलं, पोरी."

आता डॅड एकोणऐंशी वर्षांचा होता आणि शेजारच्या विनयार्ड गावातल्या वृद्धाश्रमात खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचा. पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्यात बोलणं गेलं. ओळख त्याच्या आधीच गेली होती. राहिलं होतं उजव्या हाताचं एक बोट. ते बोट खुर्चीच्या हातावर, पियानोच्या पट्ट्यांवर फिरावं तसं डावीकडे उजवीकडे सरकत, मेल बोटची चाल वाजवत असे. सोळा मात्रांचे सोळा तुकडे, मग पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर म्हणाले, ही नुसती नसांची सवय आहे, यात अर्थ शोधू नका. टॅम्सिनने डॉक्टरांपुढे मान डोलावली आणि मनात त्यांना चार शिव्या घातल्या. बोट चालतंय तोवर डॅड आहे, एवढ्या एका गोष्टीवर ती दोन वर्षं तग धरून होती.

शनिवारी सकाळी ती स्पर्धेच्या फाईली ऐकायला बसली. बावीस ऐकून झाल्या. कुणी त्या चालीचा धांगडधिंगा केला होता, कुणी तिला लग्नातल्या बँडसारखं नटवलं होतं. मग तेविसावी लावली.

तीनच आवाज. त्या जुन्या यंत्रासारखे, पण फार सावकाश. नटवणं नाही, नखरा नाही. तिने स्टॉपवॉच लावलं, आणि पहिल्या सेकंदापासून एकही क्षण मूळ चालीबाहेरचा निघाला नाही. दर चौथ्या तुकड्यात मात्र तिसरा ठोका गळलेला होता. तिथे बोट उचललं जावं आणि खाली यायचं राहून जावं, तशी एक रिकामी जागा. 'धाडस आहे,' असं तिने कागदावर लिहिलं. चालीच्या मागे खूप लांबून आणखी काहीतरी ऐकू येत होतं. चाकं फरशीवरून जात होती, कपात चमचा वाजत होता. हीटर चालू असूनही टॅम्सिनच्या दंडावर शहारे आले.

तीन मिनिटं चाळीस सेकंदांना चाल मधेच तुटली. शेवट नाही, काही नाही, कात्रीने कापावी तशी.

टॅम्सिनच्या मस्तकात तिडीक गेली. एवढं चांगलं काम करायचं आणि ऐन वेळी हात वर करायचे! तिने सवयीने बटण दाबलं. घड्याळात साडेदहा झाले होते. किटलीतलं पाणी उकळायच्या आत निरोपापुढे 'वाचलं' अशी खूण आली. एरवी लोक भांडायला येतात, निदान एखादी शिवी तरी हासडतात. इथून काहीच आलं नाही.

रविवारी दुपारी ती नेहमीप्रमाणे विनयार्डला गेली. दिवाणखान्यात टीव्हीवर फुटबॉलचा सामना लागला होता आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींशी न बोलता एकच लॅमिंग्टन केक वाटून खात होत्या. लुझ, तिथली फिलिपिनो सेविका, डॅडला कस्टर्ड भरवत होती.

"या, आल्या बाईसाहेब," लुझ म्हणाली. "तुझ्या बापाला समजाव गं. कस्टर्ड खाईना झालाय. माझ्या हातचं ज्याला नको, त्याची मी जन्मभर गुलामी करणार आहे का?"

"मलाही कधी आवडलं नाही तुमचं कस्टर्ड," टॅम्सिन म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

बोट चालू होतं. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा. चौथ्यात बोट उचललं गेलं आणि खाली आलंच नाही. मग पुढचा ठोका.

टॅम्सिनने आणखी एक फेरी मोजली. पुन्हा तीच जागा रिकामी.

"लुझ, हे असं कधीपासून?"

"काय असं?"

"मधला ठोका चुकतोय."

"तुझे कान म्हणजे ना! मला काय कळणार ठोकाबिका." लुझने चमचा वाटीत ठेवला. "पण काल मात्र थांबला होता बघ. पूर्ण थांबला. मी इतकी घाबरले की नाडी बघायला धावले. दहा मिनिटांनी परत सुरू. आणि तेव्हापासून हे नवीनच काढलंय. एक फेरी संपली की मान वाकडी करून बसतो, दोन-तीन ठोके कुठेतरी भलतीकडेच मारून बघतो, मग परत पहिल्यापासून. जणू काही आठवतोय."

"काल किती वाजता थांबला?"

"चहाची गाडी आली तेव्हा. साडेदहा."

मागून तीच गाडी आली, चाकं फरशीवरून कुरकुरत. कपात चमचा वाजला. हा आवाज तिने काल हेडफोनमध्ये ऐकला होता.

ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि तिने न्यूझीलंडमधल्या डनेडिनला नायरीला फोन लावला. नायरी फोरम चालवायची. पाठवणाऱ्यांची नावं बघता येत ती फक्त तिला.

"तेवीस नंबर कुणाचा आहे?"

"अगं, तूच नियम करायचे आणि तूच मोडायचे? निकाल लागेपर्यंत—"

"नायरी, गंमत नको. बघ."

पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या. मग नायरीचा आवाज एकदम उतरला. "टॅम... ऑब्री रज लिहिलंय इथे. तुझ्या डॅडचं खातं."

त्याने ते खातं फार पूर्वी काढलं होतं. 'माझी चाल कुणाला आठवते याचं आश्चर्य वाटलं, आभारी आहे,' एवढं एक वाक्य लिहून तो पुन्हा कधी तिकडे फिरकला नव्हता.

"कुणीतरी पासवर्ड चोरला असेल," टॅम्सिन म्हणाली.

"कशाचा चोरणार? दुसऱ्या झटक्यानंतर तूच सांगितलंस म्हणून मी ते खातं बंद केलं. माझ्या हाताने. बंद खात्यातून फाईल येत नाही गं."

"मग आली कशी?"

"मला नको विचारूस. मी एकटी आहे घरात आणि आता मला मागे वळून बघायचीही भीती वाटतेय."

टॅम्सिनने व्हरांड्याचा कठडा घट्ट धरला. आपण काय केलंय हे तिला कळलं होतं, आणि ते मोठ्याने उच्चारायची तिची हिंमत नव्हती. आयुष्यभर जो माणूस एका चालीत फिरत राहिला, त्याला तिने बजावलं होतं की शेवट लिही. आणि तो शहाण्या मुलासारखा बसून लिहीत होता.

"निर्णय मागे घे," ती म्हणाली. "आहे तशी स्वीकारली म्हणून कळव. शेवट नको म्हणावं. आत्ता, नायरी."

"पाठवलं." पुन्हा कीबोर्ड वाजला. "वाचलेलं दिसत नाही."

"परत पाठव."

"तीनदा पाठवलं. नाही वाचत गं." तेवढ्यात पलीकडे टिंग वाजलं. "टॅम, नवी फाईल आली. तेवीस नंबर, दुसरी खेप. चार मिनिटं बारा सेकंद."

"उघडू नकोस!" टॅम्सिन इतक्या जोरात ओरडली की आतल्या दोघी म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं. फोन तसाच खिशात कोंबून ती आत धावली.

डॅड मान सरळ करून बसला होता. बोट चालू होतं, आणि चौथ्या तुकड्यातला ठोका आता चुकत नव्हता. सगळे ठोके जागच्या जागी पडत होते.

"डॅड, नको," ती म्हणाली. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "मी चुकले. आहे तशीच चांगली आहे. फिरव परत पहिल्यापासून. ऐकतोयस ना? परत पहिल्यापासून."

तिने आपला तळवा त्याच्या बोटाखाली सरकवला. वाटलं, जागा बदलली की तो अडखळेल. तो अडखळला नाही. चौदावा, पंधरावा, सोळावा तुकडा तिच्या हातावर वाजला. मग बोट पहिल्या स्वराकडे न वळता पुढे निघालं.

हे तुकडे तिने कधी ऐकले नव्हते. शेडच्या दाराशी बसून नाही, गेममध्ये नाही, बावीस फाईलींपैकी एकीतही नाही. बोट तिच्या तळव्यावर सावकाश सरकत होतं, आणि कोणत्या जागी कोणता स्वर ते तिला डोळे मिटूनही कळत होतं. टॅम्सिनला रडू फुटलं. रडता रडता ती चूक शोधत होती. एक चूक सापडली की पुरे, परत पाठवता येईल. उगाच लांबवलंय का? नाही. घाई केली आहे का? नाही. दुसऱ्या कुणाची ओळ उचलली आहे? भलत्याच सुरावर जाऊन बसलाय? भावनेला उगाच हात घातलाय? चौदा वर्षांत तिने याहून फुटकळ कारणांसाठी शेकडो लोकांना माघारी धाडलं होतं.

शेवटचा स्वर त्याने हलकेच टेकवला आणि बोट तिथेच राहू दिलं.

लुझ धावत आली, डॅडचं मनगट धरून नाडी शोधत वाकली, काहीतरी विचारत होती. टॅम्सिनने हात काढला नाही. ती अजूनही मनात सगळं पुन्हा पुन्हा वाजवून पाहत होती, आणि त्यात परत पाठवण्यासारखं काहीही नव्हतं.