समुद्रावरचा सारस

"आपण कुणाकडे आलोय?" तंबूत पिशवी ठेवता ठेवता रावसाहेबांनी मला विचारलं.

"पक्षी बघायला आलोय. कोकणात."

"हाँ, ते माहितीय," म्हणाले, आणि दुर्बिणीची काच पुसत बसले.

मला काही वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी लखनौत, इंदिरा नगरच्या बाजारातून ते घरचा रस्ता चुकले, तेव्हा मी खूप रडले होते. आता रडत नाही. नवरा विसरतो, मी सांभाळून घेते.

त्यात माझा हात धरणारं कुणी नाही. पाहुणा दारात दिसला की मी त्याचं नाव मोठ्यानं घेते, म्हणजे यांना कळतं. हजरतगंजच्या डॉक्टरांची वेळ मी दोनदा घेतली आणि दोनदा रद्द केली, कारण डॉक्टर सगळं यांच्या तोंडावरच बोलणार. तीस वर्षं सरकारी नोकरी करून या माणसानं कागदावर एक खोटी ओळ लिहिली नाही. आपल्या डोक्याचा भरवसा उरला नाही हे त्यांना कळलं तर ते एका दिवसात खचतील, अशी माझी सोळा आणे खात्री होती. त्यांना ते कळू द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

आमची मुलगी पिंकी सोबत होती. तिला कुठं तरी पाणी मुरतंय असं वाटतच होतं.

"मम्मी, पापा ठीक हैं ना?"

"ठीक आहेत गं. वय झालं."

"आप हर बार यही कहती हैं."

"मग हर बार विचारतेस कशाला?"

दिवस मात्र बरा गेला. लखनौहून आम्ही बाराजण आलो होतो, त्यातल्या निम्म्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. तंबूवाल्या जगदीशनं वाळूत कोल्ह्याच्या पावलांची रांग दाखवली. लांब पाण्यात डॉल्फिनची पाठ दिसली आणि सगळे शाळेतल्या मुलांसारखे ओरडले. रावसाहेबांनी पिंकीला शेकाट्या दाखवला, समुद्री गरुड दाखवला, आणि नावं एकूण एक बरोबर सांगितली. चला, निभावलं, असं मी मनात म्हटलं.

संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली यादी लिहायला बसलो. हा आमच्या गटाचा रिवाज, रावसाहेबांनीच वीस वर्षांपूर्वी घालून दिलेला. पक्ष्याचं नाव घ्यायचं, पाहिला असेल त्यानं हात वर करायचा. जो पक्षी त्या जागी दिसायचा नाही असा असेल, त्याला दुसरा साक्षीदार लागतो. साक्षीदार नसेल तर पक्षी कागदावर चढत नाही, मग सांगणारा कितीही मोठा असो.

यादी लिहिणारा सतीश रेल्वेत इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "कुणाचं काही राहिलं?"

"सारस," रावसाहेब म्हणाले. "जोडी होती. खाडीपलीकडे."

सारस आमच्या लखनौकडचा. शहराबाहेर पडलं की भाताच्या खाचरांत दिसतो, माणसाएवढा उंच. तो इथं समुद्रावर कुठून यायचा? एकानं हसू दाबलं, त्याच्या मी एक थोबाडीत देणार होते. सतीश पेन धरून माझ्याकडे पाहत राहिला. पिंकीसुद्धा पाहत होती.

मी हात वर केला. "मीही पाहिला."

सतीशनं मान खाली घातली आणि लिहिलं.

मग चहा झाला. यादीखाली शेवटची सही रावसाहेबांची असते, म्हणून कागद त्यांच्याकडे आला. चष्मा लावून त्यांनी एकेक ओळ वाचली आणि एकदम भडकले.

"सारस? समुद्रावर? सतीश, यार, ही थट्टा कुणी केली?"

सतीश गडबडला. "सर, आपणच सांगितलंत. काकूंनी पण पाहिला."

त्यांनी पुन्हा वाचलं. ओळीपुढे दोन नावं होती, त्यांचं आणि माझं.

"कांता, मी म्हणालो असं?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. नाही हो, मीच म्हणाले, चुकलं माझं. ते मला चार शब्द सुनावून शांत झोपले असते. पण ते माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते, माझ्या उजव्या हाताकडे पाहत होते. इतक्या वर्षांत मी न पाहिलेल्या पक्ष्यासाठी तो हात कधी वर केला नव्हता, आणि हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं.

"तुम्हीच म्हणालात," मी म्हटलं.

"आणि तू हात वर केलास." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "घरीही असंच चाललंय?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

ते खचले नाहीत. दोन वर्षं मी ज्याला भ्याले ते झालं, आणि ते तसेच ताठ बसून होते. त्यांनी सारसाची ओळ खोडली, शेजारी सही केली, आणि सतीशला म्हणाले, "उद्यापासून माझ्या प्रत्येक पक्ष्याला साक्षीदार लागेल. चिमणी असली तरी."

"मैं रहूँगी, पापा," पिंकी म्हणाली. ती रडत होती. मला तिचा हेवा वाटला.

"तूच राहा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले, आवाज अजिबात न चढवता. "कांता, तुझी साक्ष आता चालणार नाही."

"बरं," मी म्हटलं.