राळेचं मलम

माझ्या मलमाला नाव ठेवलेलं मला खपत नाही, हे साऱ्या देवळालीला ठाऊक आहे. त्यात असतं काय? राळ, तिळाचं तेल आणि पाणी. तेलात राळ वितळवून गाळायची आणि परातीत पाणी बदलत तळहाताने घोटत राहायची, लोण्यासारखी पांढरी होईपर्यंत. माझ्या सासूची ही विद्या. जुनाट इसब घेऊन आलेली माणसं हसत गेलीत माझ्या दारातून.

जर्मनच्या लढाईच्या दिवसांत छबूबाई आली. लग्नापासून दोन्ही हात चिरलेले, लस वाहणारे. सासू रतनबाई तिला पिठाला शिवू देत नसे. अखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हात बरे झाले नाहीत तर हिला माहेरी धाडून सहादेवाला दुसरी करायची, असं तिने तोंडावर सांगितलं होतं. आणि नवरा सहादेव आईपुढे भिजलेलं मांजर.

मलम नेलं, पण महिन्याभराने पाहते तर हात तसेच. माझं डोकं फिरलं.

"लावतीस का न्हाई?"

"लावते की, भाभी. पन सासूबाई लगीच राखेनं घासून धुवाया लावत्यात. मुसलमानाच्या घरचं मलम, त्यात चरबी आसंल म्हनत्यात."

चिरलेल्या हातांवर राख. मी परात उचलली आणि थेट रतनबाईच्या अंगणात जाऊन बसले.

"रतनबाई, तेल तुमचं, पानी तुमच्या इहिरीचं, राळ वान्याकडनं तुमीच आना. आन घोटायचं बी तुमीच."

"मी का म्हनून?"

"चरबी कुटनं येती ते तुमाला कळाया पायजे म्हनून."

बाई हट्टाला माझ्या तोडीची निघाली. दंड भरून आले तरी थांबेना. ऊन कललं तेव्हा मलम पांढरंशुभ्र झालं. तिने ते हुंगलं, बोटांत चोळून पाहिलं, आणि सुनेला हाक मारली. मग स्वतःच तिच्या हातांना लावू लागली. ते हात तिने आजवर कधी हातात घेतले नव्हते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

अखितीला मला बोलावणं आलं. पुरणपोळ्या छबूबाईने केल्या होत्या, नितळ हातांनी. पण भावकीतल्या बायका पानावर हात आखडून बसलेल्या. जुना इसब तो, कुणाच्या मनातून सहजी जातो का? छबूबाई परात धरून तशीच उभी, डोळे भरलेले.

रतनबाई उठली. "पोळ्या माज्या सुनंच्या हातच्या हायेत. आन मलम ह्या हसीनाच्या घरचं. ज्यांना चालत नसंल त्यांनी उठावं."

कुणी उठलं नाही. तिने पहिली पोळी घेतली, मधोमध मोडली, अर्धी स्वतः तोंडात घातली आणि अर्धी साऱ्या भावकीदेखत माझ्या पानात वाढली.