स्मरणनाथांची पेटी आणि बायजाबाईची रखमा

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. घणसोली गावाच्या मैदानात दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. मंडपात कपाळभर भस्म फासलेले स्मरणनाथ महाराज आणि त्यांच्यापुढे पाटावर, मखमलीत, त्यांची स्मृतिपेटी. बुधवारी संकल्पाला तिच्यापुढे घरातल्यांची नावं सांगायची. मग महाराज सगळ्यांदेखत तिची वायर उपटत. गुरुवारी वायर लावली की घराला बाधलेल्या माणसाचं नाव लाल इंग्रजी अक्षरांत उमटे. रात्रभर करंट नाही, तरी पेटी विसरत नाही, म्हणून बाया पदर पसरत.

"वीज जाते बालकांनो, स्मृती जात नाही," महाराज डोळे मिटून सांगत. दक्षिणेचं ताट पुढे आलं की डोळे आपोआप उघडत.

गेल्याच गुरुवारी याच पेटीनं बायजाबाईच्या सुनेचं नाव दाखवलं होतं. तिच्या मुलाचा, मारोतीचा, टेंपो सारखा बंद पडतो म्हणून सुचित्राला कायमची माहेरी पाठवा, असा निकाल. मारोतीनं तिची ट्रंक भरलीसुद्धा. बायजाबाई शाळेत दुसरीपलीकडे गेली नव्हती, पण आपल्या घरातून कोण जाणार हे ठरवायचा हक्क तिनं नवरा हयात असताना त्यालाही दिला नव्हता.

"बुधवारी मी जाते," ती मुलाला म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत पेटीनं नाव दाखवलं, तर तिला मीच एस्टीत बसवीन."

बुधवारी पेटीशी शिष्य नंदकिशोर बसला होता. नाव ऐकायचं आणि 'मंत्राची बटणं' दाबायची, हे त्याचं काम.

"माउली, बाहेरून घरात आलेली कोन हाय?"

"रखमा."

"तिचा तरास हाय?"

"लय. दिसंल ते खाते, वर वरडते."

नंदकिशोरनं हळहळत बटणं दाबली.

गुरुवारी वायर लागली, अक्षरं उमटली, नंदकिशोरनं ती मोठ्यानं वाचली. महाराज गरजले, "रखमा! घराचा घास गिळणारी अवदसा! माते, हिला आजच माहेरी धाड."

"धाडते की," बायजाबाई उभी राहिली. "पन महाराज, ती आमची शेली हाय. माहेर तिचं बाजारात."

आधी मागच्या बाया हसल्या, मग सगळा मंडप. महाराजांनी घाम पुसला. "मागल्या जन्मीची बाई शेळीच्या रूपात—"

"मंग टेंपो शेलीनं बिघडवला का माझ्या सुनंनं? तुमाला आठवत नसंल तर नंदकिशोरला इचारा. बटनं तोच दाबतो."

नंदकिशोर उठू लागला, तर पुढच्या बायांनी त्याला धरून खाली बसवलं. तेवढ्यात सासूबरोबर आलेली सुचित्रा पेटीजवळ आली. भराभर बटणं दाबली, वायर उपटली, थोडं थांबून परत लावली. लाल अक्षरं उजळली: स्मरणनाथ.

"घ्या, आज बाधा यांचीच," ती म्हणाली. "तुर्भ्याला मी कामाला जाते त्या कारखान्यात वजनकाटे बनतात. त्यांच्या पोटात असलीच चीप असते. एकदा तिच्यात लिहिलं की करंट गेला तरी पुसलं जात नाही, आपण दुसरं लिहीपर्यंत. म्हणून काटा रोज नव्यानं जुळवावा लागत नाही. वाण्याच्या काट्याला कोणी हार घालतं का?"

महाराज मागच्या कनातीतून कधी निसटले ते कोणाला कळलं नाही. पेटी मात्र राहिली.

मारोती गर्दीतून मान खाली घालून पुढे आला. "सुचित्रा, घरी चल."

"चलते. ट्रंक तू भरलीस, रिकामी तूच करायची."

बायजाबाई गर्दीकडे वळली. "हसताय काय? मागच्या म्हयन्यात तुमच्यातल्या दोघींनी सुना हाकलल्या. पेटीला काय कलतं? मानसानं घातलं ते ती बाहेर काडते. नाव दिसलं तर हात जोडू नका गो, ते आत कोनी घातलं ते पयले इचारा. आनि त्या पोरींना आजच्या आज घरी आना."

दोघीजणी उठल्या आणि एस्टीच्या थांब्याकडे चालू लागल्या.