साहेबांच्या सोबतीला

मोठ्या माणसाला एकटं बसू द्यायचं न्हाई, ही आमच्या खुटबावातली रीत. पाव्हणा आला आन् घरधनी कामात असला, की शेजारचा कुणीतरी येऊन त्याच्याजवळ बसतो. बोलायला काय नसलं तर नुसता तंबाखू मळत बसतो, पण बसतो. माजा धाकटा भाऊ मल्हार कुलगुरूपदावरनं उतरून गावाकडं आला, आन् तवापासनं ही रीत माज्या डोक्यात जायला लागली.

मल्हारला मी अंगाखांद्यावर वाढवलाय. आमची आई लवकर गेली. वडील, गेणबा, मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं हिंडायचे आन् हे पोरगं त्यांच्या मागं. त्याला राखणीला ठेवला की मेंढरं लोकाच्या ज्वारीत गेलीच म्हणून समजा. हा आपला कुंपणाच्या खिंडीपाशी उभा राहून बघत बसायचा, मेंढरं एकमेकींना ढकलत कशी निघतात ते. वडलांनी लई बडवला, पण तेवढ्यापुरतंच.

तेच पोरगं शिकत शिकत मुंबईच्या मोठ्या संस्थेत लागलं. परदेशात राहून आलं. एकदा मी इचारलं, "गणित करतोस म्हंजी नक्की करतोस तरी काय रं?" तर म्हणला, "आक्का, एक मेंढी कुठं जाईल ते कुणालाच सांगता यायचं न्हाई. पण सगळा कळप खिंडीत कवा अडंल, ते सांगता येतं. जगात लई गोष्टी अशाच अडतात, अगदी बारीक कणसुद्धा. अडतात कशा, ते मी सिद्ध केलंय. सुटतात कशा, ते राहिलंय." मला त्यातलं काय कळणार, कप्पाळ. पण निम्मं झालंय आन् निम्मं राहिलंय, एवढं कळलं.

सुट्टीला आला की बांधावरनं नुसता चालत राहायचा. लोक म्हणायचे, गेणबाचं पोरगं एवढं शिकून रिकामं हिंडतंय. मी म्हणायची, हिंडू द्या की, तुमचं काय जातंय? त्या टायमाला त्याच्या तोंडावर जे सुख असायचं, ते त्याच्या लग्नात बी नव्हतं. नीलमला, माज्या भावजयीला, हे मी तोंडावर सांगितलंय. ती हसून म्हणली, मला ठावं हाय.

मग त्याला कुलगुरू केला. गावानं जेसीबीच्या बकेटातनं गुलाल उधळला. सोसायटीचे चेअरमन बबनराव माइकवर म्हणले, आता कुठं पोराच्या शिक्षणाचं चीज झालं. म्हंजी आधी काय तो माती खात व्हता? मल्हार मला बाजूला घेऊन म्हणला, "खेड्यातल्या कॉलेजात प्रयोगशाळेला कुलूप असतं, आक्का. पोरांचे निकाल वेळेवर लागत न्हाईत. कुणीतरी हात घातला पाहिजे. मुदत संपली की माजं गणित मी परत धरतो."

मी त्याच्या बंगल्यावर जाऊन राहायची, म्हणून बघितलंय सगळं. सकाळी मोर्चा, दुपारी चौकशी समिती, मधनंच कुठल्या पीएचा फोन. कुलुपं त्यानं काढायला लावली, पण शिकवायला माणसं भरायची मंजुरी वरनं आलीच न्हाई, मग ती परत लागली. निकाल उशिरानंच लागत राहिले. निरोपाला शाल-श्रीफळ दिलं, आन् नवीन साहेबांनी ह्यानं केलेलं सगळं फिरवून टाकलं.

नीलम पोरीच्या बाळंतपणाला बेंगळूरला गेली व्हती. हा एकटाच इकडं आला. म्हणला, "आक्का, मळ्यातली खोली दे. राहिलेलं निम्मं करतो. तेवढं झालं न्हाई तर मी काहीच केलं न्हाई." मी खोलीला चुना दिला, दौंडवरनं टेबल आणलं. माजं लगीन वडगाव रासाईला झालं, मालक वारले तशी मी परत हितं आले. माज्या जिवाला दुसरं काय उरलं नव्हतं. म्हणलं, ह्याचं एवढं झालं की मी सुटले.

पण गाव सुटू देतंय व्हय? पहिल्याच सकाळी बबनराव हजर. "साहेब एकटंच बसल्यात, बरं दिसत न्हाई." त्यांच्या मागनं गुऱ्हाळवाला ज्योतिबा. मग ज्याला कुणाच्या ॲडमिशनला शब्द टाकायचाय तो, ज्याचा पाण्याच्या पाळीवरनं वाद हाय तो. दिवस मावळेपर्यंत ओटा भरलेला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मान द्यायला येत व्हती बिचारी, आन् मल्हार मान डोलवत बसायचा. टेबलावर धूळ.

शेवटी माजं डोकं फिरलं.

"बबनराव, उठा," मी म्हणले.

"का वं आक्का? साहेबांच्या सोबतीला बसलोय."

"तुमच्या सोबतीनंच तर वाटोळं चाललंय. त्याला एकटं बसायचंय. तेच त्याचं काम हाय."

"एकटं बसणं हे काम?"

"व्हय. तुम्हाला जमायचं न्हाई ते."

सगळे चपला घालून गेले. मी फाटकाला साखळी घातली. गावात बोललं गेलं, अनसाबाई भावाच्या जिवावर माजली. बोला म्हणलं.

मळ्यात एकदम सामसूम झालं. मल्हार खोलीत गेला. मी चुलीपाशी बसून कान देत व्हते, पाखरू ओरडलं तरी हाकलत व्हते. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी खिडकीतनं बघितलं, तर कागद समोर व्हते आन् हा दोन्ही हात मांडीवर ठेवून भिंतीकडं बघत बसलेला. ते बघणं बांधावरचं नव्हतं. एसटी गेल्यावर माणूस स्टँडवर बसतो, तसा बसला व्हता.

जरा वेळानं बाहेर आला. म्हणला, "आज कुणीच आलं न्हाई का गं?"

"मी येऊ दिलं न्हाई. तू बस तुजं काम करत."

"काम न्हाई होत, आक्का." तो पायरीवर बसला. "माजंच लिहिलेलं वाचतोय. अक्षर माजं हाय. एक ओळ झाली की पुढची का आली, ते कळत न्हाई. आधी आत काहीतरी आपोआप चालू असायचं. आता आत बघतो तर बैठकाच ऐकू येतात."

"येईल परत. थोडं दिवस जाऊ देत."

"न्हाई यायचं. मला ते बंगल्यावरच कळलं व्हतं. लोक व्हते म्हणून लोकांवर ढकलता यायचं."

बांधावर तंद्रीत हिंडणाऱ्या ज्या पोराला हाका मारून माजा घसा बसायचा, ते पोरगं आता फाटकाकडं डोळे लावून बसलं व्हतं.

त्यानं खिशातनं मोबाईल काढला. "बबनराव, कुठं हाय? या की जरा. तो पाण्याच्या पाळीचा वाद राहिलाय ना, बसून मिटवू. न्हाई, न्हाई, आक्का काय बोलणार न्हाई." फोन ठेवून माज्याकडं बघितलं, आन् लहानपणी अंधारात माजा पदर धरायचा त्या आवाजात म्हणला, "माणसं घालवू नको गं. एकटं बसलं की मला भ्या वाटतं."

मी उठले आन् फाटकाची साखळी काढली.