पेवाच्या तोंडाशी

माझा डावा गुडघा आईनं मुसळानं फोडला. पुढं चाकणच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो, आणि कृष्णविवर शिकवताना तो हमखास ठणकायचा.

सत्तावन्न सालची गोष्ट. आमच्या कुरुळी गावात तेव्हा कंपन्या नव्हत्या, परसात पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत हवा कोंडते, म्हणून झाकण काढलं की दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा, आणि तो विझला तर उतरायचं नाही, असा वाडवडिलांचा नियम. पण माझ्या थोरल्या भावाचं, ज्योतीरामचं लग्न तोंडावर आलेलं, दळणासाठी बायका जात्यापाशी खोळंबलेल्या, आणि नवरदेवाला धीर कुठला! सकाळी झाकण काढून त्यानं लगेच कंदील सोडला. विझला. तेल संपलं असेल म्हणाला आणि उतरला.

धप्पकन आवाज आला, मग हाकेला ओ नाही. शेजारचे आबाजी कुणाचं न ऐकता त्याच्यामागं उतरले, तेही तिथंच कोसळले. मी पाय आत टाकला तेव्हा आईनं मुसळ उचललं. हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी तिला शिव्या दिल्या, तिच्या मनगटाचा लचका तोडला, सरपटत पुन्हा तोंडाशी गेलो. तिनं त्याच गुडघ्यावर दुसरा घाव घातला आणि माझ्या छातीवर बसली. तिच्या मनगटाचं रक्त माझ्या तोंडावर गळत होतं.

"एक गिळला त्यानं," ती म्हणाली. "दुसरा देत न्हाई."

नांगरामागं चालायला पाय उरला नाही, म्हणून मास्तर झालो. प्रचंड ताऱ्याचं जळण संपलं की तो स्वतःच्याच भारानं आत कोसळतो, मग तिथून उजेडही सुटत नाही; जे आत पडेल त्यानं विवर आणखी जड होतं. आता तर म्हणतात, आपल्या आकाशगंगेच्या मधोमधही असंच एक विवर आहे आणि तारे त्याला घिरट्या घालतात. मुलांना याचं नवल वाटायचं, मला कधी वाटलं नाही. पेव बुजवलं तरी आमचं घर त्याच्याच भोवती फिरत राहिलं.

आईवर माझा भयंकर राग होता. जेवायला बसलो की ती रोज विचारायची, दुखतंय का रं. मी मुद्दाम म्हणायचो, लई दुखतंय.

"दुखू दे," ती भाकरी वाढत म्हणायची. "ज्योत्याचं आता काय बी दुखत न्हाई."